सड्यावरचं राखीव केंद्र : कोकणातल्या एका क्रायोनिक्स आराखड्याचा प्रकरण अभ्यास

राजापूर तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत, एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एका कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन आहे. आसपास घर नाही, सावलीला झाड नाही. उघडा कातळ आणि कडेला बंद पडलेली जांभ्या दगडाची चिरेखाण. खाणीमुळे डंपर जाईल एवढा कच्चा रस्ता मात्र झालेला आहे. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या काही कोकणी कुटुंबांच्या गटाने या जागेवर क्रायोनिक्सचं राखीव केंद्र उभं राहू शकेल का, हे तपासायला मला सांगितलं. माझी सगळी नोकरी औद्योगिक वायूंच्या कारखान्यांत झाली आणि घर रत्नागिरीत, म्हणून काम माझ्याकडे आलं. गटाच्या परवानगीने ते प्रकरण इथे मांडतो आहे. माणसं आणि नेमकी जागा ओळखू येणार नाही एवढी काळजी घेतली आहे.

क्रायोनिक्स म्हणजे काय ते थोडक्यात. कायद्याने मृत्यू जाहीर झाला की शरीर लगेच थंड करायचं, पेशींत बर्फाचे स्फटिक होऊ नयेत म्हणून रक्ताच्या जागी गोठणरोधक द्रावण भरायचं आणि मग उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायचं. पुढे कधीतरी वैद्यकशास्त्र हे नुकसान भरून काढू शकेल या आशेवर. आजवर अशा अवस्थेतून एकही माणूस परत आलेला नाही. गटातल्या कोणाला हे वेगळं सांगावं लागलं नाही. मला ही आशा फोल वाटत नाही, पण तिचं मोजमाप करणं हे माझं काम नव्हतं. शरीर एकदा ताब्यात घेतलं की नायट्रोजनची पातळी शंभर वर्षं खाली जाऊ द्यायची नाही, एवढी मोठी जबाबदारी आपण घेतो. ती कोकणात कशी निभावता येईल, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

गटाच्या टिपणात तीन अटी होत्या. केंद्र दुर्गम हवं, स्वयंपूर्ण हवं आणि त्याचा कोणाला पत्ता लागू नये. परदेशातलं मुख्य केंद्र युद्धामुळे, दिवाळखोरीमुळे किंवा कायदा बदलल्यामुळे बंद पडलं, तर आपली माणसं इथे आणायची आणि बाहेरच्या जगावर विसंबून न राहता सांभाळायची, अशी कल्पना. यातल्या दोन अटी मी शेवटी सोडायला लावल्या.

रोज किती उडतं

ड्यूअर म्हणजे दुहेरी भिंतीचं स्टीलचं भांडं, दोन भिंतींच्या मधे निर्वात पोकळी. त्याला वीज लागत नाही. हे आधी सांगावं लागतं, कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोठा फ्रीझर येतो. आतला नायट्रोजन थोडाथोडा उडत राहतो आणि बाहेरून झिरपलेली उष्णता सोबत घेऊन जातो. एक लिटर उडायला सुमारे १६१ किलोज्यूल लागतात. म्हणजे भांड्यात सतत एक वॉट उष्णता शिरत असेल, तर दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा किंचित जास्त नायट्रोजन जातो. चार जणांना पुरेल अशा मोठ्या ड्यूअरसाठी आम्ही रोज १२ ते १५ लिटर धरले. दोन ड्यूअर आणि भरताना वाया जाणारं मिळून रोज ३० लिटर. पुढचा सगळा हिशेब या ३० लिटरवर उभा आहे.

अमेरिकेतल्या अल्कोर या संस्थेत शरीर डोकं खाली करून ठेवतात. पातळी घटली तर आधी पाय उघडे पडतात, मेंदू सगळ्यात शेवटी. नीट भरलेला, निर्वात शाबूत असलेला ड्यूअर कोणी हात लावला नाही तरी कित्येक आठवडे मेंदू बुडालेला ठेवतो. वादळानंतर आठवडेच्या आठवडे अंधारात काढलेल्या दापोली-मंडणगडकडच्या माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको.

याच्या अगदी उलट फ्रान्समध्ये घडलं. रेमों मार्टिनो या डॉक्टरने १९८४ मध्ये वारलेल्या पत्नीला आपल्या जुन्या गढीवजा वाड्याच्या तळघरात फ्रीझरमध्ये ठेवलं. २००२ मध्ये तो स्वतः गेल्यावर मुलाने त्यालाही तिथेच ठेवलं. तापमान उणे ६० अंशांच्या आसपास आणि सगळा भार विजेच्या यंत्रावर. २००६ मध्ये यंत्र बिघडलं, ते वेळेत कोणाच्या लक्षात आलं नाही आणि शेवटी मुलाला दोघांचं दहन करावं लागलं. जागा एकांतातली होती, स्वतःच्या मालकीची होती, सांभाळणारा पोटचा मुलगा होता. एवढं असूनही एका यंत्राने घात केला.

चिरेखाण

गटाचा सगळा जीव त्या खाणीत अडकला होता. यंत्राने कापलेल्या चार सरळ भिंती आयत्या मिळत होत्या. वर स्लॅब टाकायचा, त्यावर माती, की झालं तळघर. वारा लागणार नाही, वादळाची भीती नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याला काही दिसणार नाही. गटातले सगळ्यात ज्येष्ठ सदस्य निवृत्त डॉक्टर आहेत, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी खाणीचा नकाशा स्वतः काढून आणला होता, मोजमापांसकट.

पहिली अडचण पाण्याची. जांभा सच्छिद्र असतो. स्लॅबने वरचा पाऊस अडतो, भिंतींतून येणारं पाणी अडत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जूनच्या शेवटी आम्ही जागा पाहायला गेलो तेव्हा खाणीत छातीभर पाणी होतं आणि भिंतीतल्या भोकांतून बोटाएवढ्या जाडीच्या धारा लागल्या होत्या. पंप लावून उपसता येईल, पण मग वीज नको म्हणून निवडलेलं भांडं आपण पंपाच्या भरवशावर ठेवलं, असं होतं. शिवाय खोली भरली तर अर्धवट रिकामा ड्यूअर पाण्यावर तरंगतो आणि आडवा होतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर, आणि ती गटातल्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. द्रव नायट्रोजनच्या एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. नुकताच उडालेला थंड वायू हवेपेक्षा जड असतो, तो खड्ड्यात तळाशी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. जीव घुसमटतो तो रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. नुसता ऑक्सिजन कमी झाला तर शरीर ओरडत नाही. माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच पडतो. जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील खाली सोडून पाहायची रीत आपल्याकडे होती, ती अशाच मरणांमुळे. रोजचे ३० लिटर म्हणजे २१ घनमीटर वायू, तेवढा वाऱ्याने निघून जाईल. पण एखाद्या ड्यूअरचं निर्वात फुटलं तर काही तासांत हजार लिटर उडू शकतो, म्हणजे ७०० घनमीटर. अशा तळघरात रात्री एकटा माणूस पाठवायचा, यावर मी सही करणार नव्हतो.

म्हणून इमारत जमिनीच्या वर, जोत्यावर, चिऱ्याच्या जाड भिंतींची. समोरासमोरच्या दोन भिंतींत फरशीलगत कायम उघड्या जाळ्या. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की वाजणारे मापक गुडघ्याच्या उंचीवर आणि डोक्याच्या उंचीवर, दोन्हीकडे. दाराबाहेर आकडा दिसल्याशिवाय कडी काढायची नाही. खाणीतल्या गारव्याचा फायदा गटाला मोठा वाटत होता, पण आत उणे १९६ असताना बाहेर २५ आहे की ३५, याने नायट्रोजनच्या खर्चात थोडासाच फरक पडतो.

खाऱ्या वाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला पत्र्याचं आणि खिळ्यांचं काय होतं ते माहीत आहे. क्लोराइडमुळे नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात, आणि निर्वात पोकळीच्या भांड्याला सुईएवढं भोक पुरतं. किनाऱ्यापासून आत सरकायला हे एकच कारण पुरेसं होतं.

आणखी एक अट मी लिहून दिली: सड्यावर कुठेही कुदळ मारण्याआधी कातळ साफ करून पाहायचा. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. आणखी किती मातीखाली झाकलेली असतील कोण जाणे. आपल्या माणसांना भविष्यासाठी जपायचं म्हणून हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची रेघ फोडायची, हे मला सहन होणारं नाही.

आगोटीचा हिशेब

टिपणात नायट्रोजनचा राखीव साठा पंधरा दिवसांचा धरला होता. हा आकडा परदेशी लिखाणातून आला होता, जिथे रस्ता बंद पडला तर दोन-चार दिवसांत उघडतो. कोकणातल्या घरात पंधरा दिवसांचा विचार कोणी करत नाही. मे महिन्यात तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, सरपण असं सगळं भरून ठेवतात, ती आगोटीची बेगमी. ती पाऊस ओसरेपर्यंत पुरली पाहिजे. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, तुमच्या आईने आगोट पंधरा दिवसांची भरली असती का?" ते हसले आणि त्यांनी वहीतला तो आकडा खोडला.

नायट्रोजन येतो तो घाटावरच्या किंवा मुंबईकडच्या औद्योगिक पट्ट्यांतल्या मोठ्या हवा-विभाजन कारखान्यांतून, टँकरने. म्हणजे महामार्ग तरी हवा नाहीतर घाट तरी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहनांसह वाहून गेला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. १६ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडाले, महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली, वाशिष्ठीचा पूल खचला, घाटांत दरडी कोसळल्या आणि कोकण रेल्वेही थांबली. निसर्गपासून इथपर्यंत चौदा महिनेसुद्धा झाले नव्हते. समुद्राचा मार्ग म्हणाल तर तो पावसात बंदच.

त्याच वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांतली गोष्ट माझ्या धंद्यातल्या लोकांना जास्त आठवते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कमी पडला तेव्हा सरकारने नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर ऑक्सिजनसाठी वळवायला लावले. ते अगदी योग्य होतं. जिवंत माणसाचा श्वास आधी. पण राखीव केंद्र आखणाऱ्याने त्यातून हे घ्यायला हवं की रस्ता उघडा असला, पैसे हातात असले, तरी नायट्रोजन मिळणार नाही असा महिना येऊ शकतो, आणि तेव्हा आपण रांगेत शेवटी असू. शेवटी असणंच बरोबर आहे.

मग साठा किती? मेच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत साधारण १३० दिवस. रोज ३० लिटर म्हणजे ३,९०० लिटर. गटाने लगेच पाच हजार लिटरच्या टाकीचा भाव काढला. इथे थांबावं लागतं, कारण साठवणीची टाकीही रोज उडवते. १०,००० लिटरच्या टाकीचा रोजचा तोटा ०.४ टक्के धरला तर तो ४० लिटर होतो, म्हणजे पेशंटपेक्षा (ठेवलेल्या देहांना क्रायोनिक्समध्ये पेशंटच म्हणतात) टाकीच जास्त खाते. ४० आणि ३० मिळून रोज ७०; १३० दिवसांत ९,१००. दहा हजारांची भरलेली टाकी पावसाळा जेमतेम काढते. लहान टाकीत तोट्याचं प्रमाण वाढतं, त्यामुळे पाच हजारांच्या टाकीचा हिशेब बसतच नाही. यातून दुसराही निष्कर्ष निघतो: शक्य तेवढा साठा वेगळ्या टाकीत न ठेवता ड्यूअरमध्येच, पेशंटच्या डोक्यावर, जास्त उंचीचं भांडं घेऊन ठेवावा. तिथे उडणारं वाया जात नाही, तेच काम करत असतं.

ऊन आणि पऱ्या

दहा हजारांची टाकी म्हणजे फक्त पहिली भिंत. दुसरी भिंत जागेवर नायट्रोजन तयार करण्याची. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, कच्चा माल फुकट. महाग पडते ती वीज. लहान यंत्राला लिटरमागे साडेतीन युनिट धरले तर ३० लिटरना रोज १०५ युनिट लागतात. उन्हाळ्यात सौर पॅनेलच्या एका किलोवॉटमागे दिवसाला चार युनिट सहज मिळतात, म्हणजे २६ किलोवॉटचे पॅनेल पुरतात. जुलैत ढग आठवडाभर हटत नाहीत, तेव्हा दोन-अडीच युनिट मिळाले तरी नशीब. म्हणजे पॅनेल दुप्पट हवेत, आणि तेही वादळी वाऱ्यात उघड्या सड्यावर.

पण जेव्हा ऊन नसतं तेव्हा कोकणात पाणी असतं. सड्याच्या कडेवरून उतरणारा एखादा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, धरला, सेकंदाला ३० लिटर पाणी, ३० मीटर उतार आणि निम्मी कार्यक्षमता, तर सुमारे ४.४ किलोवॉट मिळतात. दिवसाचे १०६ युनिट. हवे होते १०५. हा हिशेब जुळला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. जूनपासून दसऱ्यापर्यंत पाणी, पुढे ऊन. डिझेलचं जनित्र फक्त दोन्हींच्या सांध्यासाठी.

यामुळे जागा बदलली. राजापूरच्या उघड्या सड्यावर पऱ्या नव्हता. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाणी भरपूर, पण तळियेनंतर डोंगराच्या कुशीत मी कोणालाही ठेवायला सांगणार नाही. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं, तेही डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे मधला पट्टा, लांजा तालुक्याच्या बाजूला, सड्याची कड. इमारत कडेपासून मागे, घट्ट कातळावर. पाण्याची जनित्रखोली खाली, आणि ती वाहून गेली तरी चालेल अशी स्वस्त.

दूर, पण किती दूर

आता त्या सोडायला लावलेल्या अटी. यावर गटाशी सगळ्यात जास्त वाद झाला.

कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ इथे एका स्मशानभूमीत जमिनीखाली तळघर होतं. १९७० च्या दशकात तिथे माणसं ठेवली जात होती. नातेवाइकांचे पैसे येईनासे झाले, सांभाळणारा एकटा पडला, नायट्रोजन भरणं बंद झालं. १९७९ मध्ये उघडकीस आलं तोवर नऊ देह कुजून गेले होते. वर्षानुवर्षं बाहेर कोणाला कळलं नाही, कारण आत डोकावणारं कोणी नव्हतं. क्रायोनिक्सच्या इतिहासातलं हे सगळ्यात काळं पान, आणि त्यात यंत्राचा दोष फार थोडा आहे.

आता कोलोरॅडोतलं नेदरलँड हे डोंगरातलं छोटं गाव. ब्रेडो मॉर्स्टोल या नॉर्वेजियन माणसाचं शरीर त्याच्या नातवाने १९९३ पासून तिथे एका शेडमध्ये कोरड्या बर्फात ठेवलं होतं. तंत्राच्या दृष्टीने ही अगदी कच्ची व्यवस्था. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांच्या खाली नेत नाही. नातवाला देश सोडावा लागला. गावाने मृतदेह घरात ठेवायला बंदी केली, पण ब्रेडोला त्यातून वगळलं. पुढे लोक ठरल्या वेळी बर्फ आणून टाकत राहिले आणि २००२ पासून गावाने त्याच्या नावाने वार्षिक जत्राच सुरू केली. २०२३ मध्ये त्याला जवळच्या एस्टेस पार्कला नीट सुविधेत हलवलं. तीस वर्षं, एका साध्या शेडमध्ये! तंत्र कच्चं होतं, पण गावाला माहीत होतं आणि गावाने ते आपलं मानलं.

अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. "लोकांना कळलं की अफवा उठतील, मोर्चा येईल, कोणी तोडफोड करेल," असं ते म्हणाले. त्यांची भीती खोटी नाही. माझं उत्तर एवढंच होतं की कोकणात लपून काही राहत नाही. रात्री टँकर चढताना दिसला, पांढरी वाफ दिसली, की वाडीवर चार दिवसांत चौदा कहाण्या होतात. कळणार तर आहेच. मग आपण आधी सांगितलेलं कळू दे. ऑस्ट्रेलियात होलब्रूक या छोट्या गावी उभ्या राहिलेल्या केंद्राने २०२४ मध्ये पहिला पेशंट घेतला, तोही उघडपणे, सिडनी-मेलबर्न मार्गावरच्या वस्तीत. माझी अट अशी झाली: केंद्रापासून चालत अर्ध्या तासात निदान एक वाडी असली पाहिजे, आणि त्या वाडीतल्या पाच-सहा जणांना पातळी मोजून नायट्रोजन भरता आला पाहिजे. २२ जुलैसारख्या दिवशी मुंबईचा तज्ज्ञ येणार नाही. येईल तो पायवाटेने इरलं किंवा रेनकोट घालून आलेला शेजारीच.

नायट्रोजन ओळखणारे लोक

असा शेजारी कुठून आणायचा? इथे मला पशुसंवर्धन खात्यातल्या एका ओळखीच्या पर्यवेक्षकाने रस्ता दाखवला. कोकणात द्रव नायट्रोजन नवा नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा त्यातच ठेवतात, आणि तालुक्याच्या दवाखान्यापासून गावोगावच्या केंद्रापर्यंत नायट्रोजनचे कंटेनर वर्षानुवर्षं फिरत आहेत. हे कंटेनर इंडियन ऑइलच्या नाशिकच्या कारखान्यात बनतात.

मी त्याच्या दवाखान्यात गेलो तेव्हा तो पातळी मोजत होता. पट्टी कंटेनरच्या मानेतून तळापर्यंत सोडली, थोडा वेळ धरली, बाहेर काढून हवेत दोनदा हलवली. कोकणातल्या दमट हवेत पट्टीवर लगेच पांढरं दव धरलं, जिथपर्यंत द्रव होता तिथपर्यंत रेघ स्पष्ट. त्याने अंगठ्याने रेघ धरली, वहीत सेंटिमीटर लिहिले, झाकणाभोवती साचलेला बर्फ कापडाने पुसून काढला. "काका, हा बर्फ रोज काढला नाय तर झाकण बसत नाय, आणि मग निम्म्या दिवसांत कंटेनर रिकामा," तो म्हणाला. परदेशी माहितीपुस्तकांत या दमटपणाबद्दल मी फारसं वाचलेलं नव्हतं. त्याला पुस्तकाची गरजच नव्हती.

त्यावरून आराखडा उलटा झाला. रिकामं ठेवलेलं राखीव केंद्र फसवं असतं. न वापरलेल्या ड्यूअरचं निर्वात वर्षांगणिक मंदावतं, मोठं भांडं पहिल्यांदा थंड करायला दिवस लागतात आणि भरपूर नायट्रोजन जातो, आणि माणसांचा हात सुटतो. ज्या दिवशी परदेशातून पेशंट हलवायची वेळ येईल त्या दिवशी भांडं आधीच थंड, यंत्र आधीच चालू आणि माणसं आधीच सरावलेली असली पाहिजेत. त्यासाठी केंद्राला रोजचं काम हवं. कोकण कपिला गाय आणि कोकण कन्याळ शेळी या इथल्याच जातींच्या रेतमात्रा जपायच्या, आणि जागेवर तयार झालेला जादा नायट्रोजन आसपासच्या पशुवैद्यकीय केंद्रांना पुरवायचा. मुसळधार पावसात तालुक्याचा कंटेनर आटत आला की लोक इथे येतील. वाडीला केंद्राचा उपयोग असेल तर केंद्राला वाडी असेल.

स्वयंपूर्ण ही अट मी अशी ठेवली: नायट्रोजन आणि वीज बाबतीत एक पावसाळा पूर्ण स्वतःच्या बळावर. माणसांच्या बाबतीत स्वयंपूर्ण व्हायचा प्रयत्नही करायचा नाही.

कागद

जमिनीचं प्रकरण यंत्राइतकंच नाजूक आहे. मूळ जागेच्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची अशी रांग होती की निम्मे कुठे आहेत ते घरातल्यांनाही सांगता येईना. २०२१ मध्ये रशियातल्या क्रायोरस या संस्थेत मालकीच्या वादातून एका पक्षाने ड्यूअर ट्रकवर चढवून न्यायला सुरुवात केली आणि पोलिसांना मधे पडावं लागलं. आपल्याकडे वाटणीचा दावा लागला तर ड्यूअर कोणाच्या हिश्श्यात? म्हणून एकच मालक असलेली, बिनशेती होऊ शकणारी जमीन, आणि किनारा नियमन क्षेत्राच्या बाहेरची.

खासगी विश्वस्त निधीत मालमत्ता अनंत काळ बांधून ठेवता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १४ हयात व्यक्तींचं आयुष्य आणि त्यापुढच्या वारसाचं अज्ञानपण एवढीच मुदत देतं. सार्वजनिक धर्मादाय कामाला ही अडचण नाही. पशुधन जपण्याचं काम सार्वजनिक न्यासाकडे ठेवण्यामागे हेही एक कारण होतं, पण दोन हेतू एका घटनापत्रात कसे मांडायचे ते वकिलाने आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाने ठरवायचं. यात चलाखी करून चालणार नाही, सगळं लिहूनच द्यायचं. भारतात क्रायोनिक्ससाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे जिल्हा प्रशासन आणि ग्रामपंचायत यांना आधीच लेखी कळवणं ही मी शिफारस म्हणून न ठेवता अट म्हणून ठेवली. दहा हजारांच्या दाबाच्या टाकीला नागपूरच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो, तो वेगळा.

सध्या

गुप्ततेची अट गेल्यावर दोन कुटुंबं बाहेर पडली. बाकीच्यांनी लांज्याकडची जागा पाहिली आहे. पऱ्याचं पाणी या पावसाळ्यात दर आठवड्याला मोजायचं ठरलं आहे, कारण ३० लिटरचा आकडा अजून माझ्या नजरेचा आहे, मापाचा नाही. वाडीची बैठक झाली. एका आजींनी पहिलाच प्रश्न विचारला, त्या माणसांचं दिवसकार्य कोण करणार? गटाकडे उत्तर नव्हतं. अण्णा म्हणाले की ज्याच्या त्याच्या घरचे ठरवतील आणि ते कागदावर लिहून घेऊ. ते कलम आता मसुद्यात आहे.

पहिला ड्यूअर येत्या मे महिन्यात आगोटीआधी भरायचा, फक्त रेतमात्रांसाठी. दोन पावसाळे पातळीची वही कोणतीही खाडाखोड न होता पूर्ण भरल्याशिवाय माणसासाठीचा ड्यूअर आणायचा नाही, ही अट अण्णांनीच सुचवली आणि मी ती लगेच मान्य केली. ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. तोवर त्यांची नोंदणी परदेशातल्या केंद्राकडेच राहील.